बारा फोटो, बारा नावं आणि एक शिरोरेषा: फोटोशॉपमध्ये लेयर ओळीत कसे लावायचे

आमच्या मंडळाचा कार्यकारिणीचा बोर्ड मी पहिल्यांदा केला तेव्हा बारा फोटो एकदम सरळ रेषेत होते, अलाइनची बटणं दाबून लावलेले, पण खालची नावं कुठं वर कुठं खाली अशी दिसत होती. स्क्रीनवर ते माझ्या लक्षात आलं नाही, ए थ्री साइजमध्ये छापून भिंतीवर लागल्यावर आलं, आणि एका काकांनी विचारलं की सगळ्यांपेक्षा माझंच नाव खाली का घेतलंय. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मग बसून शोधलं की बटण बरोबर दाबूनही असं का होतं, आणि उत्तर मिळालं ते आपल्या देवनागरीत होतं. ते पुढे सांगतोच, पण आधी बाकीची तयारी, कारण नावांपर्यंत पोचायच्या आधी फोटोंचं काम नीट झालेलं लागतं.

मी इथं फोटोशॉप धरून लिहितोय. फोटोपीया ब्राउझरमध्ये चालतं आणि जवळपास फोटोशॉपसारखंच आहे त्यामुळे त्यातही बहुतेक सगळं जमेल, गिंप हा फुकट मिळणारा प्रोग्राम, त्याचं शेवटी थोडं वेगळं लिहिलंय. मॅक असेल तर कंट्रोलच्या जागी कमांड आणि अल्टच्या जागी ऑप्शन धरा.

फाईल आणि गाइड

ए थ्री आडवा, म्हणजे 420 बाय 297 मिलिमीटर, 300 डीपीआयला 4961 बाय 3508 पिक्सेल. एका ओळीत सहा फोटो, दोन ओळी. दोन्ही बाजूंना 200 पिक्सेल मार्जिन सोडलं तर 4561 उरतात, त्यात 560 पिक्सेलची सहा वर्तुळं म्हणजे 3360, उरलेले 1201 पाच गॅपमध्ये वाटले की एक गॅप साधारण 240 चा. हे गणित आधी कागदावर करून घ्या, कारण नंतर सातवा माणूस घुसवायचा झाला तर नेमकं काय लहान करायचं ते लगेच कळतं.

गाइड म्हणजे फक्त स्क्रीनवर दिसणाऱ्या, न छापल्या जाणाऱ्या मदतीच्या रेघा. व्ह्यू मेन्यूमध्ये न्यू गाइड लेआउट आहे, नवीन व्हर्जनमध्ये ते गाइड्सच्या आत गेलंय. कॉलम 6, गटर म्हणजे दोन कॉलममधला गॅप 240, डावं-उजवं मार्जिन 200 टाका, सगळ्या उभ्या रेघा एकदम येतात. कंट्रोल आर दाबून रूलर चालू ठेवा, आणि व्ह्यूमधलं स्नॅप चालू आहे ना बघा, त्याने लेयर गाइडजवळ नेला की आपोआप चिकटतो. गाइड चुकून हलू नयेत म्हणून कंट्रोल अल्ट आणि अर्धविराम दाबून लॉक करा, हे मी दरवेळी करतो कारण मूव्ह टूलने गाइड ओढला गेला तर बराच वेळ कळतच नाही.

आधी वरखालीचा क्रम लावा

लेयर म्हणजे चित्राचा एकेक वेगळा थर. लेयर पॅनेलमध्ये जो वर तो चित्रात पुढे, एवढं एकच लक्षात ठेवलं तरी पुरतं. आपल्या बोर्डात खालून वर असा क्रम येतो: बॅकग्राउंड, नक्षी आणि महिरप, वर्तुळं, वर्तुळात फोटो, नावं, पदं, मंडळाचं नाव, आणि सगळ्यात वर बाप्पा, कारण त्यांच्या मुकुटावरून नक्षीची पानं गेलेली कुणालाच चालणार नाहीत.

लेयर ओढून वरखाली करता येतोच, पण लेयर चाळीसच्या वर गेले की ओढताना भलत्याच ग्रुपमध्ये पडतो, म्हणून कीबोर्ड वापरा. कंट्रोल आणि ] ने एक पायरी वर, कंट्रोल आणि [ ने एक पायरी खाली, यात शिफ्ट जोडली की एकदम सगळ्यात वर किंवा सगळ्यात खाली. आता खूप जणांचं इथं अडतं, ते सगळ्यात वरचं शॉर्टकट दाबतात आणि लेयर काही सगळ्यात वर जात नाही. तो लेयर ग्रुपमध्ये असतो. ग्रुपच्या आत हे शॉर्टकट ग्रुपपुरतंच चालतं, म्हणजे लेयर त्या ग्रुपमध्ये सगळ्यात वर गेलेला असतो. अख्ख्या फाईलच्या वर न्यायचा असेल तर आधी ग्रुपमधून बाहेर काढा. दुसरी अडचण बॅकग्राउंडची. तो कुलूप असलेला बॅकग्राउंड लेयर हलत नाही आणि त्याच्या खाली काही जात नाही, त्यावर डबल क्लिक करून ओके केलं की तो साधा लेयर होतो.

नावं द्या लेयरना. लेयर 14 कॉपी 3 असं असलं की रात्री अकरा वाजता कुणाचा तरी फोटो बदलायचा फोन आला की डोकं धरायची वेळ येते. वर्तुळ 1, फोटो 1, नाव 1, पद 1, बस. आणि वर्तुळं एका ग्रुपमध्ये, नावं एका ग्रुपमध्ये, पदं एका ग्रुपमध्ये. सिलेक्ट करून कंट्रोल जी.

मूव्ह टूलचं ऑटो सिलेक्ट मी बंदच ठेवतो, नाहीतर नाव हलवायला जावं आणि मागची महिरप हलावी असं होतं. क्लिक करून लेयर पकडायचाच असेल तर कंट्रोल दाबून क्लिक करा, तेवढ्यापुरतं ऑटो सिलेक्ट चालू होतं. आणि महिरपीला पॅनेलमधून कुलूप लावून टाका.

वर्तुळं ओळीत

फोटो अजून आणायचे नाहीत, आधी रिकामी वर्तुळं लावायची. कारण असं की फोटो चौकोनी असतो आणि वर्तुळापेक्षा मोठा असतो, तो आत आल्यावर ग्रुप करून अलाइन करायला गेलात तर झाकलेला भागही मोजला जाऊ शकतो आणि मग कुठल्या कडेने काय जुळलं काही कळत नाही. रिकामी वर्तुळं सगळी एकाच मापाची असतात, तिथं गडबड व्हायला जागाच नाही.

एलिप्स टूल घ्या, कॅनव्हासवर एकदा नुसतं क्लिक करा, माप विचारेल तिथं 560 आणि 560. मग कंट्रोल जे पाच वेळा, झाली सहा. पहिलं वर्तुळ डाव्या मार्जिनला चिकटवा, सहावं उजव्या मार्जिनला, मधली चार कुठंही असू देत. पॅनेलमध्ये सहाही सिलेक्ट करा, व्ही दाबून मूव्ह टूल घ्या, वरच्या पट्टीत अलाइनची बटणं दिसतील. तिथलं टॉप एजेस दाबा, मग डिस्ट्रिब्यूटमधलं हॉरिझॉन्टल सेंटर्स दाबा. टोकाची दोन जागेवर राहतात आणि मधली चार सारख्या अंतराने बसतात. डिस्ट्रिब्यूटला कमीत कमी तीन लेयर लागतात, दोनच घेतले तर बटण चालतच नाही.

डिस्ट्रिब्यूटमध्ये दोन प्रकार आहेत ते नीट समजून घ्या. सेंटर्स म्हणजे मध्यबिंदूंमधलं अंतर सारखं. स्पेसिंग म्हणजे मधल्या मोकळ्या जागा सारख्या. वर्तुळं एकाच मापाची असली की दोन्हीचा रिझल्ट एकच. पण खाली देणगीदारांचे लोगो लावायचे असतील, एक लांबट, एक चौकोनी, एक बारीक, तर सेंटर्सने लावल्यावर लांबट लोगोच्या बाजूला दाटी दिसते, तिथं स्पेसिंगच पाहिजे. जुन्या व्हर्जनमध्ये स्पेसिंग नव्हतं, तेव्हा स्मार्ट गाइडच्या गुलाबी आकड्यांकडे बघत हाताने करावं लागायचं.

आणि अलाइन टू. बटणांच्या शेजारी तीन टिंबं आहेत, आत सिलेक्शन आणि कॅनव्हास असे दोन पर्याय. मागच्या कामात कॅनव्हास ठेवलेलं असेल आणि तुम्ही टॉप एजेस दाबलं तर सगळी वर्तुळं उडी मारून पानाच्या वरच्या कडेला जातात. तसं झालं की कंट्रोल झेड, पर्याय बदला, परत दाबा. सिलेक्शन ठेवलं तर निवडलेल्या लेयरमध्ये जो सगळ्यात वर आहे त्याच्या कडेला बाकीचे येतात. पण कॅनव्हासवर कुठं सरकणाऱ्या मुंग्यांसारखी तुटक रेघ चालू असेल, म्हणजे खरोखरचं सिलेक्शन असेल, तर लेयर त्या रेघेला जुळतात. नको असेल तर आधी कंट्रोल डी. हवं असेल तर हेच फार कामाचं आहे, पुढे नावांना वापरायचंय.

पहिली ओळ झाली की तिचा ग्रुप कंट्रोल जे करून कॉपी करा आणि शिफ्ट धरून खाली ओढा, शिफ्टमुळे डावीउजवीकडे सरकत नाही. माझ्या फाईलमध्ये पहिली ओळ वरून 1150 पिक्सेलवर सुरू होते आणि दुसरी 2200 वर, मधे नाव आणि पद मावतं.

फोटो आत घालताना डोळ्यांकडे बघा

वर्तुळ 1 सिलेक्ट करून फाईल मेन्यूतून प्लेस एम्बेडेडने फोटो आणा, तो बरोबर त्याच्या वर येतो, मग कंट्रोल अल्ट जी दाबलं की फोटो वर्तुळात कापला जातो. असे आणलेले फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट असतात, मूळ मापाच्या आत कितीदा लहानमोठे केले तरी क्वालिटी जात नाही.

इथं अलाइनचं बटण काही कामाचं नाही. ते फोटोची चौकट बघतं, चेहरा त्याला कळत नाही. एकाने पासपोर्ट फोटो दिलेला, एकाने लग्नातला फेटा घातलेला, एकाने गडावरचा अर्धा आभाळाचा. मी दोन आडवे गाइड टाकतो, एक डोळ्यांसाठी आणि एक हनुवटीसाठी. वर्तुळ 1150 ला सुरू होत असेल तर डोळ्यांचा 1385 ला आणि हनुवटीचा 1580 ला. कंट्रोल टी दाबून फोटो असा लहानमोठा करायचा की डोळे एका रेघेवर आणि हनुवटी दुसऱ्या रेघेवर येईल. डोक्याचा वरचा भाग मोजायचाच नाही, कारण टोपी, फेटा, टक्कल, अंबाडा यांनी उंची बदलते, डोळे ते हनुवटी अंतर त्याने बदलत नाही. फेट्याचा तुरा थोडा कापला जाईल, जाऊ दे. चेहरे सारखे दिसले की बोर्ड लगेच नीट वाटतो, अध्यक्षांचा चेहरा मोठा आणि सभासदाचा बारीक असा प्रकार होत नाही.

आता नावं, इथं नीट लक्ष द्या

शरद आणि सूर्यकांत ही दोन नावं शेजारी घ्या, तोच फॉन्ट, तोच साइज. शरदमध्ये शिरोरेषेच्या वर काही नाही आणि खाली उकार नाही. सूर्यकांतमध्ये वर रफार आणि अनुस्वार, खाली ऊकार. फोटोशॉप अलाइन करताना अक्षरांनी व्यापलेला चौकोन बघतं, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. टॉप एजेस दाबलं की शरदची शिरोरेषा आणि सूर्यकांतचा रफार एका पातळीवर येतात, म्हणजे सूर्यकांतची शिरोरेषा खाली गेली. बॉटम एजेस दाबलं तर ऊकाराचं टोक शरदच्या पायाशी जुळतं आणि अख्खं सूर्यकांत वर उचललं जातं. व्हर्टिकल सेंटर्सला तर वर किती आणि खाली किती यावर कुठंही. इंग्रजीत एखाद्या अक्षराचं शेपूट खाली लोंबलं तरी डोळा सांभाळून घेतो, आपल्याकडे मात्र शब्दावर एक जाड सरळ रेघच असते, ती दोन पिक्सेल जरी हलली तरी शेजारच्या रेघेशी तुलना होऊन लगेच दिसते. त्या काकांच्या नावात रफार होता.

मग करायचं काय, तर खरं नाव टाइपच करायचं नाही. आधी मामा टाइप करा. म ला वर काही नाही, खाली काही नाही, काना शिरोरेषेपासून पायापर्यंत सरळ, म्हणजे मामाचा चौकोन म्हणजे बरोबर शिरोरेषा ते पाया. टाइप टूलने एकदा नुसतं क्लिक करून लिहा, चौकोन ओढून लिहू नका, आणि पॅराग्राफ सेंटर ठेवा म्हणजे नाव लांब झालं तरी दोन्हीकडे सारखं वाढेल.

हा मामा पहिल्या वर्तुळाच्या बरोबर मध्याखाली आणायचा. दोन्ही लेयर सिलेक्ट करून हॉरिझॉन्टल सेंटर्स दाबू नका, त्याने वर्तुळसुद्धा हलू शकतं. पॅनेलमध्ये वर्तुळाच्या छोट्या चित्रावर कंट्रोल क्लिक करा, वर्तुळाभोवती तुटक रेघ फिरायला लागेल, मग फक्त मामाचा लेयर निवडा, मूव्ह टूल घेऊन हॉरिझॉन्टल सेंटर्स दाबा. वर्तुळ जागेवर आणि मामा त्याच्या मध्यावर. कंट्रोल डी. आता खाली किती अंतरावर हवा तेवढा बाणाने सरकवा, एका दाबात एक पिक्सेल, शिफ्ट धरून दहा.

मग मूव्ह टूलमध्येच शिफ्ट आणि अल्ट धरून मामाला उजवीकडे ओढा, त्याच पातळीवर कॉपी होते. अशा पाच कॉपी, शेवटची सहाव्या वर्तुळाच्या मध्यावर त्याच तुटक रेघेच्या पद्धतीने, आणि मग सहाही निवडून डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टल सेंटर्स. सहा मामा ओळीत. ग्रुप कॉपी करून 1050 पिक्सेल खाली, बारा मामा. पदांचंही असंच, फक्त साइज लहान.

आता प्रत्येक मामावर डबल क्लिक करून खरं नाव लिहा. असं क्लिक करून लिहिलेला मजकूर पायाच्या रेषेवर टेकलेला असतो, शब्द बदलला तरी ती रेषा हलत नाही, आणि फॉन्ट व साइज तोच असल्यामुळे शिरोरेषाही तिथंच राहते. रफार वर जाईल, ऊकार खाली जाईल, पण रेघ एक. यानंतर नावांवर वरखालीचं अलाइन चुकूनही दाबायचं नाही, नाहीतर सगळं परत आधीच्या जागी.

लांब नावाचं काय, हा प्रश्न येतोच. एकट्या त्या नावाचा साइज कमी करू नका, पाया तिथंच राहतो पण शिरोरेषा खाली येते. एकतर बारांचाही साइज कमी करा नाहीतर सगळ्यांचं आडनाव दुसऱ्या ओळीत घ्या. ट्रॅकिंगला तर हात लावूच नका, अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर वेगळं पडल्यासारखं दिसतं, बोर्डांवर हे इतकं बघायला मिळतं आणि दरवेळी डोळ्याला खुपतं.

जोडाक्षरं फुटत असतील, म्हणजे अध्यक्ष मधला क्ष पाय मोडून येत असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर वर्ल्ड रेडी लेआउट दिसत असेल तर ते निवडा, जुन्या व्हर्जनमध्ये तिथंच मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं लिहिलेलं असतं. आधी लिहिलेल्या मजकुराला पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून तेच लावावं लागतं. फॉन्ट युनिकोड घ्या, मुक्ता, बलू, तिरो देवनागरी मराठी असे चांगले फॉन्ट फुकट आहेत, आणि तिरो मराठीत ल आणि श आपल्या वळणाचे येतात. नावं एका फॉन्टमध्ये आणि पदं दुसऱ्यात असतील तर चालेल, पण एकाच ओळीत दोन फॉन्ट नकोत, प्रत्येक फॉन्टची शिरोरेषा वेगळ्या उंचीवर असते.

बाप्पा मध्यावर आणताना

बाप्पाचा लेयर आणि कॅनव्हास, हॉरिझॉन्टल सेंटर्स, झालं असं वाटतं, पण बघितल्यावर मूर्ती एका बाजूला सरकलेली दिसते. दोन कारणं. एक म्हणजे मोदकाचा हात किंवा परशू एका बाजूला जास्त बाहेर असतो, चौकोनाचा मध्य आणि मूर्तीचा मध्य वेगळा. इथं मी कॅनव्हासच्या मध्यावर उभा गाइड टाकतो, 2480 वर, आणि कपाळावरचा गंध त्या रेघेवर आणतो. दुसरं कारण म्हणजे नेटवरून घेतलेल्या किंवा घाईत कापलेल्या चित्रात कोपऱ्यात फिकट ठिपके राहिलेले असतात, डोळ्याला दिसत नाहीत पण अलाइन ते मोजतं. शोधायला लेयरला तात्पुरता जाड लाल स्ट्रोक द्या, जिथं जिथं घाण आहे तिथं लाल डाग उठतात. इरेजरने पुसा, स्ट्रोक काढा, मग अलाइन करा. महिरप, समई, तोरण सगळ्या कापलेल्या चित्रांना एकदा हे करून घ्या.

ग्रुप फोटोत कुणाचे डोळे मिटले असतील तर

हा वेगळाच अलाइन, पण मंडळाच्या कामात लागतोच. एकाच जागेवरून काढलेले दोन फोटो घ्या, फाईलमधल्या स्क्रिप्ट्समधून लोड फाइल्स इंटू स्टॅकने एकाच फाईलमध्ये आणा, दोन्ही लेयर निवडा, एडिट मेन्यूमध्ये ऑटो अलाइन लेयर्स, आत ऑटो. फोटोशॉप दोन्हीतली सारखी ठिकाणं शोधून एकावर एक बसवतं. मग मिटलेल्या डोळ्यांचा फोटो वर ठेवून त्या लेयरला मास्क द्या, म्हणजे लेयरचा भाग न पुसता झाकायची सोय, आणि मिटलेल्या डोळ्यांवर काळा ब्रश फिरवला की खालचा उघडा डोळा दिसतो. कडेला थोडी रिकामी पट्टी येते, ती क्रॉप करा.

गिंप वापरत असाल तर

अलाइनचं टूल क्यू दाबून मिळतं. मार्च 2025 मध्ये आलेल्या 3.0 मध्ये एका वेळी बरेच लेयर पॅनेलमधून निवडता येतात, त्याआधी चित्रावरच शिफ्ट धरून एकेक क्लिक करावा लागायचा. गिंपमध्ये प्रत्येक लेयरला स्वतःची पिवळी तुटक चौकट असते आणि ती आतल्या चित्रापेक्षा मोठी असू शकते, अलाइन त्या चौकटीने होतं, म्हणून आधी लेयर मेन्यूतून क्रॉप टू कन्टेन्ट करा. रिलेटिव्ह टू मध्ये काय निवडलंय ते बघितल्याशिवाय बटण दाबू नका. आणि मामा लिहून पातळी ठरवायची, तिथं आडवा गाइड टाकायचा आणि प्रत्येक नावाची शिरोरेषा त्या गाइडला लावून बघायची, एवढं इथंही करा.

छापायला द्यायच्या आधी

कंट्रोल आणि अर्धविराम दाबून गाइड लपवा, झूम 25 टक्क्यांवर आणा आणि नावांच्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवा, मग दुसऱ्या ओळीवरून. शंका आली तर एक पातळ लाल आडवी रेघ तात्पुरती शिरोरेषांवर ठेवा, जे नाव वरखाली असेल ते लगेच सापडेल. नावांचं शुद्धलेखन दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, शक्यतो ज्याचं नाव आहे त्यालाच. छापणाऱ्याला पीडीएफ देताना कडेला 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छापल्यावर कापली जाणारी जास्तीची कड, लागेल का ते आधी विचारा, कारण ते नंतर वाढवायचं झालं तर बॅकग्राउंड ताणावा लागतो.

आणि नावं लिहायला सुरुवात करण्याआधी, बारा मामा ओळीत बसलेले असतात ना, त्याच वेळी ती फाईल वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा. पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलली की तीच उघडायची, फोटो टाकायचे आणि नावं लिहायची.